ळमास्तर आणि वर्गाबाहेरचा ढ

ग्वाल्हेरीतल्या आमच्या माधवगंजात एक माणूस असा होऊन गेला, की त्याच्यासमोर केळं मागायची वेळ आली तर लोक पेरू घेऊन घरी जात. चुकून तुमच्या तोंडून 'केला' निघाला की संपलं. मास्तर भर बाजारात तुमची हनुवटी धरणार, तुमचं तोंड उघडून आत डोकावणार आणि म्हणणार, "जीभ वळवा! अजून मागे! जीभ वळली की माणूस वळतो." माझ्या माहितीतले दोन पाहुणे असे वळले ते थेट स्टेशनवर गेले, पुन्हा ग्वाल्हेरीत आलेच नाहीत.

बिजलीच्या बिलावर त्यांचं आडनाव ढमढेरे होतं. पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले, तलवारी गाजवल्या, आणि मग हळूहळू सगळ्यांच्या जिभा हिंदीत सपाट झाल्या. बाळाचा बाल झाला, होळीची होली झाली. उरलेला एकुलता एक ळ मास्तरांनी आपल्या पदराखाली घेतला. हिंदीवाले त्यांना मास्साब म्हणत. आम्ही मराठी घरातले, पाठीमागे, ळमास्तर.

भाजीवाल्याने मात्र त्यांना बरोबर ओळखलं होतं. मास्तर लांबून दिसले की तो गळा काढायचा, "मास्साब, आळू ले लो! ताजी मूळी! करेळा!" मास्तरांचे डोळे पाणावत. "बघ," ते मला म्हणायचे, "शिकवलं तर दगडाला ळ फुटतो." आणि पिशवी भरून कारली घरी. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, कारलं अजिबात आवडत नसे.

मी मास्तरांच्या वर्गातला ढ. हे मी नाही म्हणत, हजेरी घेताना तेच म्हणायचे. "ढ, ऊठ. बाहेर." माझं अर्धं शिक्षण व्हरांड्यात झालं, आणि मला वाटतं तेच अर्धं कामाला आलं. पुढे मी इंदरगंजात नोकरीला लागलो, केस पिकले, पण शेजारच्या गच्चीवरून हाक तीच: "ए ढ, चहा पिऊन जा!"

आता काकू. काकूंचं नाव कमळ. पण हे नाव ग्वाल्हेरीत कुठल्याही कागदावर टिकलं नाही. रेशनकार्डावर कमल, बँकेत कमला, मतदार यादीत कमलादेवी. ज्या माणसाने गावभर ळ वाटला त्याच्याच बायकोच्या नावात तो नाही, हे दुःख मास्तरांना पोटात कारल्यासारखं डाचत असे. त्यातून एका उन्हाळ्यात, मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट, मास्तरांनी काकूंचं शिलाई मशीन एका ओळखीच्याला दिलं आणि बदल्यात त्याचा विलायती घरगुती कॉम्प्युटर घेऊन आले. पाटीएवढा काळा डबा, रबराची बटणं, स्वतःचा पडदा नाही, तो टीव्हीला जोडायचा. स्मरणशक्ती माझ्याएवढी. बत्ती गेली की सगळं विसरला.

"अहो, माझं मशीन?" काकूंनी विचारलं.

"यावर तुझं नाव लिहून दाखवतो," मास्तर म्हणाले, "ळ सकट."

डब्याला फक्त इंग्रजी येतं हे दुसऱ्या दिवशी कळलं. डबा ट्रंकेत गेला. काकूंचा टोमणा मात्र ट्रंकेबाहेरच राहिला. फाटकी उशी दिसली, उसवलेली बाही दिसली, की त्या म्हणायच्या, "माझं मशीन टाके तरी घालायचं. यांचं मशीन नुसतं झोपून राहिलंय." इतकी वर्षं मास्तरांनी हे ऐकून घेतलं. एवढ्या जगाला बोलणारा माणूस, पण या एका वाक्यापुढे ते वहाणा घालून बाहेर जात.

निवृत्तीनंतर मास्तरांनी डबा ट्रंकेतून काढला आणि मला बोलावलं. "ढ, यात लिहायचा प्रोग्राम बसवायचाय. लिहिता यावं, खोडता यावं, ओळ खालीवर सरकवता यावी. मराठीत."

"सर, मोबाइलमध्ये ळ आहे की," मी म्हणालो. "हे बघा, एका बोटाने कमळ."

मास्तरांनी माझ्या मोबाइलकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटात हॉटेलचं पिठलं वाढलंय. "आयता ळ काय कुणीही खाईल. वचन या डब्यावर दिलंय."

प्रोग्राम एका जुन्या विलायती मासिकात छापलेला होता. मी वाचायचो, मास्तर एका बोटाने बडवायचे. शेकडो ओळी. "ओळ!" मास्तर हर्षभरित होऊन म्हणायचे. "शब्दातच ळ आहे. याला मराठी व्हायचंच आहे रे!" एकदा शेवटच्या पानावर आलो आणि बत्ती गेली. बत्ती परत आली तशी मास्तरांनी मासिक पुन्हा पहिल्या पानावर उघडलं आणि म्हणाले, "पहिल्यापासून वाच." त्यानंतर जे जमेल ते टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवू लागलो. ती कॅसेट परत डब्यात भरताना जो चीत्कार निघायचा, तो ऐकून किल्ल्यावरची माकडं खाली हजीऱ्याच्या वस्तीत उतरली म्हणतात. शेजारच्या मुलाने खिडकीतून विचारलंही, "मास्साब, किसको काट रहे हो?"

मग अक्षरं. डब्यात नव्या अक्षरांना जागा मोजकी. प्रत्येक अक्षर आठ उभ्या, आठ आडव्या घरांत काढायचं, भरलेली घरं आकड्यांत मांडायची आणि डब्याला पाजायची. मास्तर जातीचे मास्तर, त्यांनी सुरुवात क पासून केली. ङ आणि ञ दारातूनच परत गेले, कुणी रडलं नाही. बाकी सगळे रांगेने आत शिरले, मात्राही आल्या, वेलांट्याही आल्या. आणि वर्णमालेच्या शेपटाला उभा असलेला ळ दाराशी पोचला तेव्हा डबा खचाखच भरलेला!

मास्तर कपाळाला हात लावून बसले. ज्याच्यासाठी लग्न, तोच नवरा मांडवाबाहेर.

"कुणाला तरी उतरवा," मी म्हटलं. "झ काढा."

"आणि झाशी कुठे ठेवू?"

"ठ?"

"मग 'ठीक' कोण म्हणणार, तुझे वडील?" मास्तर यादीवरून बोट फिरवत खाली आले आणि एका अक्षरावर थांबले. चेहऱ्यावर जुनं, व्हरांडा दाखवणारं हसू पसरलं. "ढ! ऊठ. बाहेर."

मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू. पण जागा झाली. आता ळ ची दोन गरगरीत पोटं आठ घरांत मावेनात. मास्तरांचा ळ कधी चष्म्यासारखा दिसे, कधी जिलबीसारखा. काकू अंगणात रांगोळी काढत होत्या. त्या न सांगता आल्या, आठ-आठ ठिपके टाकले आणि ठिपके जोडत म्हणाल्या, "अहो, दोन्ही पोटं सारखी कशाला? एक जरा उपाशी ठेवा." झाला ळ. जगातला सर्वात सुबक ळ, आणि तो कारल्याला कंटाळलेल्या बाईने काढलेला.

दुपारी काकूंना टीव्हीसमोर खुर्ची दिली. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. क आला. म आला. मग ते रबराचं बटण दाबलं आणि पडद्यावर उमटलं: कमळ.

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "पूरं नाव लिहा ना. लग्न झालंय माझं."

मास्तरांनी ऐटीत पहिलं बटण दाबलं. पडदा ढिम्म. म आला. पुन्हा ते बटण, पुन्हा काही नाही. मात्रा दिली, ती जागा शोधत म वर जाऊन बसली. मग रे. माझ्या डोक्यात उजेड पडला तेव्हा उशीर झाला होता. ढमढेऱ्यांनी आपले दोन्ही ढ स्वतःच्या हाताने वर्गाबाहेर काढले होते. पडद्यावर झळकत होतं: कमळ मेरे.

मास्तरांचे कान कुंकवासारखे लाल. "हिंदी!" ते पुटपुटले. "माझ्या घरात! माझ्या हाताने!"

काकू पडद्याजवळ गेल्या. "अहो, 'मेरी' पाहिजे," त्या म्हणाल्या. "व्याकरण चुकलं." आणि अशा हसल्या, अशा हसल्या, की खुर्ची धरावी लागली. मग पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "जन्मभर मराठीत एकदा बोलला नाहीत. चला, हिंदीत तरी बोललात. मशीन फिटलं."

मी म्हटलं, "सर, ठ उतरवून ढ परत घेऊ?"

"राहू दे," मास्तर म्हणाले. "बाहेर तू एकटा कंटाळशील. मी येतो सोबतीला."

त्या दिवसापासून काकू त्यांना 'मेरे' म्हणून हाक मारू लागल्या. "अहो मेरे, चहा झाला!" हिंदी ऐकून मास्तर दर वेळी कळवळायचे, जीभ वळवा म्हणायला तोंड उघडायचे, आणि मुकाट्याने चहाला जायचे. शिलाई मशीनचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

मागच्या थंडीत मास्तर गेले. झोपेत, विनातक्रार. भाजीवाला तेराव्याला आला, कारल्यांची पिशवी दाराशी ठेवून म्हणाला, "मास्साब के ळिए." लि चा त्याने ळि केला. दगडाला ळ फुटल्याचं कौतुक करायला कुणी नव्हतं.

काकू मुलीकडे नागपूरला निघाल्या, तेव्हा मी स्टेशनवर सामान चढवलं. एक पिशवी त्या हातातून सोडेनात. शालीत गुंडाळलेला डबा होता, वर ती कॅसेट.

"काकू, हे ओझं कशाला?" मी म्हटलं. "नागपुरात ळ ढिगाने मिळतो."

"ळ मिळेल रे, ढ," काकू पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या. "तिथे 'मेरे' कुठून आणू?"