दादांच्या नावाने गेलेले मेल

नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात मी पुष्कळ आरोपी पाहिले. पण आजही आठवतो तो एक निर्दोष माणूस, ज्याच्यावर मीही संशय घेतला होता.

एकाच वसाहतीतले सात जण तक्रार घेऊन आले. शिष्यवृत्तीच्या यादीचा मेल आला, लिंक उघडली, पासवर्ड टाकला आणि मेलचं खातं हातातून गेलं. मेल पाठवणारा एकच : तिथल्या बुद्धविहारात अभ्यासिका चालवणारे निवृत्त कारकून. सगळे त्यांना दादा म्हणत. मुलांचे अर्ज वर्षानुवर्षं तेच भरत. आता विहाराच्या समितीने त्यांच्याकडून अभ्यासिकेची किल्ली काढून घेतली होती.

मी त्यांना चौकशीला बोलावलं.

"मेल तुमच्या पत्त्यावरून गेलेत."

"गेले असतील. मी पाठवले नाहीत."

"लोकांनी उलट मेल करून विचारलं, दादा, हे खरं का? तुम्ही हो म्हणालात."

"मला कुणी काही विचारलंच नाही, साहेब."

हे मला धादांत खोटं वाटलं. तेवढ्यात जबाबासाठी बसलेली, त्या सातांतली अंगणवाडी सेविका म्हणाली, "साहेब, दादा पाण्याची टाकी धुवायची सूचना लिहितात, तरी वर आधी जय भीम असतं. या मेलात नव्हतं."

"मग लिंक का उघडली?"

"दादांचं नाव दिसलं अन् बोट लावलं."

हवालदाराने दादांचा मेल त्यांच्यासमोरच उघडला. आत कुणीतरी सेटिंग करून ठेवलं होतं : या मेलला येणारं प्रत्येक उत्तर परस्पर कचऱ्याच्या फोल्डरमध्ये. शेजाऱ्यांचे प्रश्न तिथे पडून होते. दादांच्या नावाने पाठवून लगेच पुसलेले होकारही तिथेच होते. लॉगिन परराज्यातल्या फोनवरून झालं होतं. त्या फोनच्या मागावर जाऊन आम्ही पुढे दोघांना अटक केली.

महिनाभर आधी दादांनीही पेन्शनच्या नावाने आलेला असाच मेल उघडून पासवर्ड दिला होता.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली. मी लोकांचे अर्ज भरणारा माणूस."

पुढच्या रविवारी वंदनेनंतर दादा विहारात उभे राहिले आणि स्वतःची चूक सगळ्यांसमोर सांगितली. मागून एक शिक्षक उठले, "मीही उघडला होता." मग आणखी तिघं. तिथेच सगळ्यांनी पासवर्ड बदलले, दुहेरी पडताळणी सुरू केली आणि ठरवलं : मेलमध्ये पासवर्ड मागितला तर उलट मेलवर विचारायचं नाही, पाठवणाऱ्याच्या दारात जाऊन किंवा फोन करून विचारायचं. समितीच्या अध्यक्षांनी किल्ली पुढे केली. "घ्या दादा. मुलं बाहेर खोळंबलीत."

फसलेल्याला हसणारा समाज फसवणाऱ्याचा साथीदार असतो. एक माणूस लाजून गप्प बसला म्हणून इतकी घरं फसली, आणि तोच बोलला तेव्हा वसाहत सावध झाली. नुसतं 'सावध राहा' सांगून हात झटकणाऱ्या पोलिसांनी, माझ्यासकट, हे ध्यानात ठेवावं.

मागच्या महिन्यात दादांचा मेल आला. अभ्यासिकेच्या कार्यक्रमाचं निमंत्रण. वर जय भीम होतं. तरीही मी फोन लावला.

"मीच पाठवलाय, साहेब," दादा हसत म्हणाले. "तुमचा फोन नसता आला, तर मीच रागावलो असतो."