दळलेली पावडर

माझी आत्या कारखान्यात अठरा वर्षं एकच काम करतेय. डाळिंबाच्या सालींच्या अर्काच्या थेंबाथेंबाला डिंकाचं कवच चढवायचं आणि वाळवून पावडर करायची. त्या कवचामुळेच अर्काचा गुण बिस्किटात जाईपर्यंत टिकतो.

काल नव्या मॅनेजरला पावडर खरखरीत लागली. त्या अतिशहाण्यानं कुणाला न विचारता सगळा माल बारीक दळून आणला.

आत्याचा पारा चढला. "अहो साहेब, कवचं फोडलीत की सगळी! आता काय डोंबल टिकणार?"

"दिसतेय तर छान लाल," असं म्हणत त्यानं तपासणीचा कागद पुढे केला. "करा सही."

तिनं पेन हिसकावलं, 'गुण' या रकान्यात "नुसता रंग" असं लिहिलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली.