नानांच्या शेवया

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट ठाऊक नाही – पण परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली, आणि आता गप्प बसवत नाही.

नाना माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, मला त्यांनीच वाढवलं. धुळ्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, तेही त्यांच्याच जिवावर उभं राहिलं. गळ्यात तुळशीची माळ. मासमच्छी जन्मात तोंडाला लावली नाही. त्याचा गाजावाजा मात्र कधी केला नाही. मग मला एवढा राग कशाचा यायचा?

एका बियाणं कंपनीने आम्हा दुकानदारांना थायलंडची सहल दिली. माणशी दोन जागा. बायकोला विमानाची धास्ती, म्हणून नानांना नेलं. चार दिवस ते दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी यांवर राहिले. गाईडने त्यांना तिथल्या भाषेत एक चिठ्ठी लिहून दिली होती – हे गृहस्थ मासे-मांस खात नाहीत. हॉटेलात गेलं की नाना बंडीच्या खिशातून ती काढायचे. वेटर वाचायचा, आत विचारून यायचा, नाही म्हणून मान हलवायचा, की नाना दशमी सोडायचे. आम्ही ताटकळायचो. बरोबरचे हसायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या संध्याकाळी रस्त्याकडेच्या एका साध्या हॉटेलात बसलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोरच पेटलेली कढई. दशम्या संपल्या होत्या. नानांनी चिठ्ठी माझ्याकडे दिली आणि हात धुवायला गेले. मी ती – माझ्या खिशात घातली.

दमलो होतो, असं इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो. पण दमलेला माणूस डोळा मारतो का? मी मारला, शेजारच्या जामनेरच्या दुकानदाराला. नानांसाठी आणि माझ्यासाठी चिंच-गुळातल्या तांदळाच्या शेवया मागवल्या. त्यात सुकटाची पूड पडताना मी पाहिली. वरून माशांचं पाणी शिंपडताना पाहिलं. उठून दोन पावलं गेलो असतो तरी पुरे होतं.

नानांनी ताट पुढे ओढलं आणि थांबले.

“वास कसाना ये रे, दिनू?”

“अठला गूळच तसा शे, नाना. खा तुम्ही.”

त्यांनी खाल्लं. माझ्यावर विश्वास ठेवून, चवीने, बोटं चाटून खाल्लं. जामनेरवाला तोंडाला रुमाल लावून हसत होता. आणि मी? मला बरं वाटलं – हेच सांगायला इतका वळसा घेतला. अखेर हाही माणूस आपल्यासारखाच झाला, असं वाटून मला आतून बरं वाटलं.

गावी येऊन नानांनी त्या शेवयांचं कौतुक सगळ्यांना सांगितलं. दोन वर्षांनी त्यांचं हृदय थकलं. धुळ्याच्या दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, “मनी माळले डाग नही लागना, दिनू. बस, तेवढं समाधान शे.” तेव्हा मी काय केलं असेल? त्यांचं पांघरूण नीट केलं.

आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने आगारी टाकतात – गोवरीच्या निखाऱ्यावर, गेलेल्या माणसाच्या आवडीचा घास. पुरणपोळी असते, आमरस असतो. वहिनी नानांसाठी त्या शेवयाही करते. “त्यासले आवडेल व्हतं,” म्हणते. पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, त्यात काय काय होतं. मी सांगितलं – चिंच, गूळ, शेंगदाणे, कांद्याची पात. घरात पुरुष मी एकटाच, म्हणून आगारी माझ्याच हातून पडते.

परवाही टाकली. घास चरचरला, धूर झाला. वहिनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी होती. मग तिने उरलेल्या शेवयांची वाटी माझ्यापुढे ठेवली. ती चव चाखलेला घरात आता मीच.

“तशीच शे ना?”

“तशीच शे, वहिनी,” मी म्हणालो, आणि वाटी संपवली.