बोर्डावरचं कॉलेज

रविवार, ३० जुलै २००६. मी तांदळाला बोरिक पावडर लावून पिंपात भरत होते. हे उन्हाळ्यातलं काम, पण तेव्हा राहून गेलं, कारण सगळा उन्हाळा मुलीच्या परीक्षांत आणि निकालांत गेला. मुलगी समोर बसून दुसरं पिंप पुसत होती. सोमवारी पहाटेच्या गाडीनं तिला पुण्याला जाऊन प्रवेश घ्यायचा होता. दुपारपर्यंत पोचलं नाही तर जागा जाणार होती.

कॉलेज इंजिनिअरिंगचं, जुनं, नावाजलेलं. त्याच्यासाठी ती दोन वर्षं घासत होती. क्लासमध्ये मार्कांवरून बाकं ठरत. पहिलं बाक सुटू नये म्हणून तिनं खो-खो सोडला, मैत्रिणींकडं जाणं सोडलं. एवढं करून मार्क कॉलेजपुरते पडले, शाखेपुरते नाहीत. तिला सिव्हिल हवं होतं, मिळालं मेटलर्जी. सिव्हिलची जागा इथं कोल्हापुरातच मिळत होती. पुण्याची घेतली की ती सोडायची.

मिस्टरांचं मत, एवढ्या मोठ्या कॉलेजात शिरल्यावर शाखा कोण विचारतंय. माझंही जवळपास तेच होतं.

त्यात पेठेतल्या तालीम मंडळाच्या पोरांनी चौकात बोर्ड लावला. तिचा दोन वेण्यांचा फोटो, खाली 'पेठेची शान', त्याखाली कॉलेजचं नाव, तिच्या नावापेक्षा मोठं. आमच्या मंगळवार पेठेत बोर्ड लागला की गोष्ट पक्की झाली. प्रवेश झालाय का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्या रविवारी हुपरीहून माझा भाऊ आला तो बोर्ड वाचूनच. त्याचं घरी चांदीच्या पैंजणांचं काम. मेटलर्जी म्हणजे धातूंचं शिक्षण, असं मुलीनं सांगितल्यावर तो खूश झाला.

"मग घरचाच धंदा की. चांदी आटवायला पुण्याला कशाला? माझ्याकडं ये, दिवाळीपर्यंत तयार करतो."

"मामा, पैंजण नसतात त्यात."

"मग काय असतंय?"

मुलीनं पिंप पुन्हा एकदा पुसलं. मग म्हणाली, "मला नीट म्हाईत न्हाय."

"दोन वर्षं पळालीस, आणि कुठं पळालीस ते म्हाईत न्हाय व्हय?" भाऊ हसला.

ती हसली नाही. मी पिंपाचं झाकण लावलं आणि विचारलं, "चौकात बोर्ड नसता तर उद्या कुठं गेली असतीस?"

"इथल्या कॉलेजात."

"मग पुण्याला का निघालीस?"

"आता फोटो लागलाय न्हवं."

पुण्याच्या कॉलेजात खोट नव्हती. ज्याला तिथलं शिकायचंय त्यानं दोन काय, चार वर्षं घासावं. हिला शिकायचं होतं दुसरंच, आणि जायचं होतं फोटोसाठी. त्याला पुढची चार वर्षं फार झाली.

"हातात आलेलं सोडायचं?" मिस्टर म्हणाले.

"तिच्या हातात आलंय. तिचं तिला ठरवू दे."

तिनं इथलं सिव्हिल ठरवलं. मिस्टरांनी पेपर उघडला.

संध्याकाळी मी तालमीत जाऊन तिथल्या अध्यक्षांना सांगितलं, पोरगी पुण्याला जात नाही, बोर्ड उतरवा.

"वैनी, आसं कुठं आस्तंय? पोरांनी हौसेनं लावलाय. गणपतीपर्यंत ऱ्हाऊ दे की."

"फोटो राहू दे. कॉलेज झाका."

"मग शान कशाची म्हणायची?"

"पोरगी पेठेतलीच आहे ना?"

ते स्वतःच शिडी घेऊन निघाले. कॉलेजच्या नावावर पांढरा कागद चिकटवला.

सोमवारी पहाटे पुण्याच्या गाडीच्या वेळेला मी तिला उठवलं नाही. डबे भरले, धुणं वाळत घातलं, आणि ऑफिस उघडायच्या सुमाराला दोघी इथल्या कॉलेजात गेलो. सिव्हिलच्या प्रवेशाच्या खिडकीपुढं रांग नव्हती.