मान खाली ठेवून

हिंजवडीला कंपन्या नव्यानं आल्या, तेव्हा मारुंजीहून सुटणाऱ्या सहा आसनी टमटममध्ये आम्ही किमान साठ जण बसायचो. श्वाससुद्धा पाळीपाळीनं घ्यायचो. एका कुल्ल्यावर बसून ती हाकणाऱ्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलंच नाही.

एकदा गावचे मानकरी आबा आले. त्यांच्या ठरलेल्या पुढच्या जागेवर कंपनीत झाडलोट करणारी बाई बसली होती.

"ऊठ गं," आबा गरजले.

ती सवयीनं उठू लागली, तसा ड्रायव्हर म्हणाला, "बस, मावशे. आबा, मागं जागा हाय. फकस्त मान खाली ठिवून चढा."

तो टपाबद्दल बोलला की समाजाबद्दल, हे मला आजही सांगता येत नाही. आबा मात्र वाकून चढले. मग ड्रायव्हरनं गिअरला अडकणारा बाईचा डबा मागं दिला, आणि तो हिंजवडीपर्यंत आबांच्या मांडीवर ऐटीत बसून गेला.