दक्षिणेकडे पाय

काल बायकोनं अंगणात मोहफुलं वाळत घातली आणि त्या गोड, आंबूस वासानं मला वीस वर्षं मागे नेलं. चंद्रपूरच्या एका हॉस्पिटलात मी सीटी स्कॅनवर टेक्निशियन म्हणून नवाच लागलो होतो.

सिंदेवाहीकडच्या एक म्हाताऱ्या बाई पोटात गाठ आहे का ते बघायला आल्या होत्या. त्यांच्या पदराला हाच वास होता. टेबलावर आडव्या झाल्या आणि लगेच उठून बसल्या.

"दक्षिणेकडे पाय करून मेलेल्यालेच निजवतेत, भाऊ. मी जित्ती आहो."

"माय, असं काऊन करून राह्यली?" सोबत आलेला त्यांचा मुलगा कळवळला. बाई ढिम्म.

मशीन फिरवता येईना, म्हणून मी बाईंनाच फिरवलं. पाय आधी आत गेले, तरी पोटाचा स्कॅन होतो. फक्त मशीनला तसं कळवावं लागतं, नाही तर चित्रात डावं-उजवं उलटतं. मी नेमकं तेच विसरलो. लिव्हर असतं उजव्या कुशीत; पडद्यावर ते बाईंच्या डाव्या कुशीत दिसताच मी डॉक्टरांकडे धावलो. "सर, लाखात एक केस!"

सरांनी चित्र पाहिलं, मग माझ्याकडे. "यांचं लिव्हर जागेवर आहे. तुझं डोकं बघावं लागेल." मग हळूच म्हणाले, "गाठ नाही. मुतखडा आहे, बारीक. जा, तूच सांग."

मी सांगितलं. बाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लय हुशार डॉक्टर आहेस, बापा."

मागे सर उभे होते. तेव्हा मी लाजेनं अर्धा झालो होतो. आता वाटतं, बाईंच्या आनंदात तेवढी चूक खपून गेली.