भीमराजनं उघडलेली गाडी

"त्या स्क्रीनले तूच हात लावला होता! दुसऱ्या कोणाचा लागला, सांग!"

"मीच लावला. नाई म्हणून राह्यलो का? पन उघडू तं दे, गोपाल. उघडल्याबिगर काय सांगू?"

"आता उघडून काय दाखवतं? माहा बाप वापस येते का?"

बाभुळगावजवळच्या एका गावात गोपालचं घर ऐन रस्त्यावर. जाणारे-येणारे सायकलवरून उतरून ऐकत उभे राहिले होते. भीमराजला ते हवंही होतं आणि नकोही.

भीमराज गाड्यांचं वायरिंग करायचा. बसस्टँडमागे टिनाचं दुकान. निम्मं आयुष्य ट्रॅक्टरचे लाइट आणि जीपचे हॉर्न जोडण्यात गेलं. मग मीटरच्या काट्यांच्या जागी स्क्रीन असलेल्या गाड्या आल्या. बाकीचे मिस्तरी म्हणाले, "हे आपलं काम नोहे, यवतमाळले न्या." भीमराज मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकला. बिघडलेल्या स्क्रीनवर टिचकी मारून आधी तो विचारायचा, "काय दुखते बापू?" गिऱ्हाइकं हसायची, पण गाडी त्याच्याकडेच आणायची.

पोळ्यानंतर गोपालची गाडी आली, तेव्हा तिची स्क्रीन लुकलुकत होती. भीमराजनं मागचं सॉकेट साफ केलं, सैल झालेलं अर्थिंग आवळलं. स्क्रीन उजळली. शेजारच्या सीटवर गोपालचे वडील नानाजी बसले होते. म्हणाले, "आता कसं! नवरीवानी तोंड दिसून राह्यलं."

त्या साली फवारणी करता करता माणसं पडत होती. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, आतून बोंडअळी. लोक पंपात औषधावर औषध मिसळून मारत होते, आणि ते वाऱ्यानं त्यांच्याच तोंडावर येत होतं. दसऱ्यानंतर एका दुपारी नानाजी शेताच्या धुऱ्यावर ओकत पडलेले सापडले. गोपालनं त्यांना घरी आणून गाडीत बसवलं, बटण दाबलं. स्क्रीन एकदा चमकली आणि काळी झाली. गाडी चावीच ओळखेना. तो दाबत राहिला, शिव्या देत राहिला. कोणाचा तरी मालवाहू ऑटो मिळेपर्यंत उन्हं उतरली. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच नानाजी गेले.

तेरवी व्हायच्या आत गावानं निकाल देऊन टाकला होता. भीमराजच्या कामानं नानाजी गेले. त्याच्या दुकानापुढे गाडी थांबेनाशी झाली. म्हणून आज तो पिशवी घेऊन स्वतःच आला होता. बिघाड त्याच्या हातचा की नंतरचा, ते चार लोकांसमोर कळू दे.

"उघडू दे त्याले," दारातून शकुबाईचा आवाज आला. नानाजींची बायको. कपाळ मोकळं. "मलेही पाहाचं हाय."

"आई, तू मधात नको पडू."

"मी नाई पडणार तं कोण पडन? नवरा माहा गेला."

गोपाल बाहेर ओट्यावर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

गाडी पडवीत होती. भोवती आढ्यापर्यंत कापूस. पहिल्या वेच्याचा कापूस लक्ष्मीपूजनापर्यंत घराबाहेर काढायचा नाही, हा शकुबाईच्या सासूचा दंडक. शकुबाईनं तो कधी मोडला नव्हता. भाव चढलेला असो, घरात पाय ठेवायला जागा नसो. यंदा तर गाडीच्या सीटवरही गाठोडी रचलेली. नानाजींना बसवताना गोपालनं ती घाईनं ओढून काढली होती, ती अजून चाकाशी पडलेली.

"उजेड धरा काकू."

शकुबाईनं मोबाइलची बत्ती धरली. भीमराजनं स्क्रू काढले, स्क्रीन अलगद पुढे ओढली. आधी उंदराच्या मुताचा वास आला. मग बोटांना मऊ लागलं.

कापूस. स्क्रीनच्या मागे मुठीएवढं घरटं, पांढरंशुभ्र. त्यात फोडून खाल्लेल्या सरकीची टरफलं. वायरी कुरतडून तांब्यापर्यंत उघड्या. आणि बाजूला त्यानं साफ केलेलं सॉकेट, अजून लखलखीत.

शकुबाईनं बत्ती आणखी जवळ आणली.

"हा तं आपला कापूस हाय," शकुबाई म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "भीमराज, तू साफ केलं तवा हे होतं काय रे इथं?"

भीमराजचे हात थांबले. एक 'नाही' पुरे होतं. ओट्यावर गोपाल होता, रस्त्यावर सायकली होत्या. उद्यापासून दुकानापुढे गाड्या लागल्या असत्या.

"सांग ना बापू. म्याच ठेवाले लावला होता कापूस गाडीत. गोपाल नाईच म्हणत होता."

तिनं मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. उजेड आता तिच्याच हनुवटीवर पडला होता.

"काय सापडलं?" गोपाल ओट्यावरून ओरडला. "सापडली का तुही चुकी? बोल ना बे! गावासमोर बोल!"

भीमराजनं स्क्रीन जागेवर दाबली. स्क्रू आवळले. पेचकस पिशवीत टाकला. शकुबाई वाट अडवून उभी होती, ती बाजूला झाली.

"भीमराज..."

तो पडवीतून ओट्यावर आला, गोपालच्या अंगावरून पुढे गेला.

"पाहा! पाहून घ्या सारे! हाय का तोंड याले?"

सायकलवाल्यांनी वाट दिली. भीमराज मान खाली घालून, दुकानाकडे न वळता, बसस्टँडच्या उलट दिशेला चालू लागला.